तारीख उलटण्याआधी नातं कागदावर आणा

नेसरी आणि पंचक्रोशीतल्या माझ्या माणसांनो,

आपल्या भागातली मुलं-मुली आज दुबई, मस्कत, लंडन, टोरांटो, म्युनिक, सिडनी अशा गावांत नोकरीला आहेत. त्यांतल्या काहींना तिथंच आयुष्याचा जोडीदार भेटला. कुणी लग्न केलं, कुणी एकत्र राहतंय, कुणाला घरी अजून सांगायचं धाडस झालेलं नाही. नोकरीचा व्हिसा मात्र ठरलेल्या मुदतीचा असतो. मुदत जवळ आली की प्रश्न उभा राहतो: नोकरी संपली, माणूस तर तिथंच आहे, आता राहायचं कसं? हे आवाहन त्या मुलामुलींसाठी आहे. नेसरी, कानडेवाडी, हडलगे, तारेवाडीत त्यांच्या फोनची वाट बघणाऱ्या आईवडिलांसाठीही ते तितकंच आहे.

पोटासाठी गाव सोडणं आपल्याला नवीन नाही. गडहिंग्लज, आजरा, चंदगडच्या कितीतरी घरांतला एक माणूस मुंबईच्या गिरणीत असायचा. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, गिरण्या बसल्या, तेव्हा काहीजण गावी परतले, काहीजण मिळेल ते काम धरून मुंबईतच राहिले. हाल झाले, पण परळच्या खोलीत राहायला कुणाची परवानगी लागत नव्हती. गोव्याला किंवा बेळगावला गेलेल्यालाही लागत नाही. परदेशात गेलेल्या मुलाचं तसं नाही. तिथं काम करण्याची आणि राहण्याची परवानगी एकाच कागदावर असते. काम संपलं की राहण्याचा हक्कही संपत येतो. घरभाडं भरलेलं असो, बँकेत पैसे असोत, बायको किंवा नवरा शेजारी असो, त्याने आपोआप काही वाढत नाही.

माझं सांगणं एकच आहे. जोडीदारासोबत तिथं राहायचं ठरलं असेल, तर नोकरीचा व्हिसा जिवंत असताना नातं कागदावर आणा आणि त्या देशाच्या सरकारकडे रीतसर अर्ज करा. शेत बापजाद्यांपासून कसत आलो तरी सातबाऱ्यावर नाव लागल्याशिवाय तलाठी ऐकत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. परक्या देशातल्या नात्याचंही तसंच आहे. नातं खरं असणं ही पहिली गोष्ट, पण तेवढ्यावर भागत नाही.

आधी तारीख नीट वाचा

बरेच जण पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसाची तारीख बघून निर्धास्त राहतात. अमेरिकेत ती तारीख फक्त देशात शिरण्यापुरती असते. किती दिवस राहायचं ते आय-९४ नावाच्या नोंदीत लिहिलेलं असतं, आणि ती नोंद ऑनलाइन बघता येते. ब्रिटनमध्ये आता प्लास्टिकचं कार्ड जाऊन ई-व्हिसा आला आहे, म्हणजे तारीख आपल्या खात्यात उघडून बघावी लागते. कॅनडात कामाचा परवाना पासपोर्टच्या मुदतीपुढे देत नाहीत. पासपोर्ट संपत आला असेल तर आधी तो नवा करा.

दुसरी गोष्ट, नोकरी मध्येच गेली तर कागदावरची तारीख पुढची असली तरी घड्याळ आधीच सुरू होतं. अमेरिकेत एच-१बी या कामाच्या व्हिसावर असलेल्याला नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. ब्रिटनमध्ये मालक गृहखात्याला कळवतो आणि सहसा ६० दिवसांची नवी मुदत ठरते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून मालकाने बोलावलेल्या तात्पुरत्या कामगारांना नवा मालक शोधायला एका वेळी १८० दिवसांपर्यंत मुभा दिली आहे. आखातात ही सवलत देशानुसार आणि परवान्याच्या प्रकारानुसार बदलते. म्हणून नोकरी सुटल्याचं पत्र हातात पडलं की पहिल्या आठवड्यातच त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर आपला नियम वाचा. मित्राच्या अनुभवावर जाऊ नका. त्याचा व्हिसा वेगळा असतो, त्याचं वर्षही वेगळं असतं.

लग्न झालं म्हणजे राहायचा हक्क मिळाला, असं नाही

हा गैरसमज सगळ्यांत जास्त घात करतो. लग्नाने अर्ज करायचा हक्क मिळतो. राहायचा हक्क अर्ज मंजूर झाल्यावर मिळतो, आणि अर्ज प्रलंबित असताना राहता येईल की नाही, हे तो कधी केला यावर ठरतं.

ऑस्ट्रेलियात चालू व्हिसा असताना जोडीदार व्हिसाचा अर्ज केला, तर निकाल लागेपर्यंत राहायला मधला, म्हणजे ब्रिजिंग व्हिसा मिळतो. व्हिसा संपल्यावर केला तर जादा अटी लागतात, आणि उशिराचं भक्कम कारण द्यावं लागतं. आपल्या व्हिसावर ८५०३ ही अट असेल, तर तिथं राहून पुढचा अर्ज करायला बहुतेक वाटा बंदच असतात. ही अट आधी तपासा. जर्मनीत परवाना संपण्याआधी अर्ज दिला तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू असल्याचं धरतात आणि तसा दाखलाही देतात. कॅनडातही मुदतीत अर्ज केला तर निर्णयापर्यंतचं राहणं कायदेशीर ठरतं. मुदत चुकली तर हक्क परत मागायला ९० दिवस असतात, पण त्या काळात काम करता येत नाही.

ब्रिटनमध्ये जोडीदार व्हिसासाठी उत्पन्नाची अट आहे. ११ एप्रिल २०२४ पासून ती वर्षाला २९,००० पौंड झाली, त्याआधी १८,६०० होती. ज्या मुलांनी जुना आकडा धरून हिशेब केला होता, त्यांची गणितं एका दिवसात कोलमडली. तिथं पर्यटक म्हणून जाऊन आतून जोडीदार व्हिसावर बदलता येत नाही, कामाच्या व्हिसावरून बदलता येतं. म्हणजे कामाचा व्हिसा संपू देऊन "घरी जाऊन टुरिस्टवर परत येतो" असं म्हणणाऱ्याने चालती वाट स्वतःच बंद केली.

अमेरिकेचं थोडं वेगळं आहे. जोडीदार अमेरिकी नागरिक असेल आणि तुम्ही रीतसर व्हिसावर देशात शिरला असाल, तर मुदत उलटली तरी तिथं राहून ग्रीन कार्डचा अर्ज करण्याची तरतूद कायद्यात आहे. पण जोडीदार स्वतः ग्रीन कार्डवाला असेल तर ही सूट सहसा मिळत नाही. आणि तो स्वतः एच-१बी वर असेल तर तुम्हाला त्याच्यावर अवलंबून असलेला एच-४ घ्यावा लागतो, तोही आपला व्हिसा जिवंत असतानाच. बेकायदा मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त झाला आणि मग देश सोडला, तर ३ वर्षं परत येता येत नाही. एक वर्ष किंवा त्याहून जास्त झाला तर १० वर्षं. आजी गेली म्हणून घाईने विमान पकडून नेसरीला आलेला मुलगा परत जायला निघतो तेव्हा ही बंदी त्याच्यासमोर उभी राहते. म्हणून मुदत उलटलेल्या माणसाने तिथल्या परवानाधारक इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय देश सोडू नये आणि अर्जही करू नये.

आखातात जोडीदाराच्या जिवावर कायमचं राहण्याची वाट जवळजवळ नाही. तिथं नवरा किंवा बायको दुसऱ्याला आपल्या नावावर ठेवून घेऊ शकते, तेही पगाराच्या अटीवर. संयुक्त अरब अमिरातीत कुटुंब बोलावायला महिना ४,००० दिरहॅम, किंवा ३,००० आणि राहायची सोय, असा दंडक आहे. ज्याच्या नावावर राहायचं त्याची नोकरी गेली की दोघांचंही राहणं अडचणीत येतं. लग्नाशिवाय एकत्र राहणं आखातातल्या बहुतेक देशांत धोक्याचं आहे. मूल झालं तर त्याचा जन्मदाखला मिळवतानाच अडचणी सुरू होतात. आखातातल्या आपल्या मुलांना मी स्पष्ट सांगतो: तिथं संसार थाटायचा विचार असेल तर आधी कायदेशीर लग्न, मग घर.

लग्नाचा कागद: इथंच आपण चुकतो

आपल्याकडे लग्न होतं मंडपात, आणि नोंदणीची आठवण होते व्हिसा अर्जाच्या दिवशी. सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच सगळ्या लग्नांची नोंदणी सक्तीची व्हावी असं सांगितलं. महाराष्ट्रात १९९८ चा नोंदणी कायदा आहे आणि गावात ही नोंद ग्रामपंचायतीत होते. लग्न झाल्याबरोबर जा, वर्षं जाऊ देऊ नका.

उलट बाजूनेही चूक होते. व्हिसाच्या घाईत काही घरांत मंडपाआधीच प्रमाणपत्र काढून घेतात, "विधी नंतर सवडीनं करू" म्हणून. २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर दोन वैमानिकांचं असंच प्रकरण आलं होतं. लग्नाचे विधी झाले नव्हते, एका संस्थेचं प्रमाणपत्र घेऊन नोंदणी केली होती. न्यायालयाने सांगितलं की विधी झाले नसतील तर नुसत्या नोंदणीने हिंदू विवाह कायद्याखाली लग्न होत नाही, आणि परदेशी व्हिसासाठी वेळ वाचवायला अशी नोंदणी करण्याची पद्धत चुकीची आहे. विधी नको असतील किंवा आत्ता शक्य नसतील, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्याखाली विवाह अधिकाऱ्यासमोर सही केलेलं लग्न पूर्ण लग्न असतं.

जोडीदार परधर्माचा किंवा परदेशी असेल तर हे आणखी महत्त्वाचं. हिंदू विवाह कायदा दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो. पोलंडची किंवा फिलिपिन्सची ख्रिस्ती मुलगी नेसरीच्या देवळात हार घालून नांदायला आली, गावाने जेवणावळ घातली, तरी त्या कायद्याने ते लग्न उभं राहत नाही. तिथं विशेष विवाह कायद्याचाच रस्ता आहे. त्यासाठी दोघांपैकी एकाने जिल्ह्यात ३० दिवस राहिलेलं असावं लागतं आणि नोटीस दिल्यावर आणखी ३० दिवस थांबावं लागतं. तीन आठवड्यांची सुट्टी टाकून आलेल्या मुलाचं लग्न या कायद्याने त्या सुट्टीत होत नाही. हे गणित तिकीट काढण्याआधी करा. परदेशातच करायचं असेल तर १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली भारतीय वकिलातीत लग्न करता येतं, दोघांपैकी एकजण भारतीय नागरिक असला की पुरे. त्यालाही नोटिशीचे दिवस लागतात. नाहीतर त्या देशाच्या कायद्याने, तिथल्या नोंदणी कार्यालयात.

मग येतो नावांचा घोळ. आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलण्याची रीत आहे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर नवऱ्याच्या नावाने दुसरं, लग्नाच्या नोंदीत तिसरं. मुलांचंही तसंच. कुठं "बाबू", कुठं "बाबूराव", कुठं वडिलांचं नाव इंग्रजीत वेगळ्या स्पेलिंगने. गावात सगळ्यांना माहीत असतं की ही तिन्ही नावं एकाच माणसाची. परदेशातल्या अधिकाऱ्याला ती तीन माणसं दिसतात. परदेशी जाण्याचा विचार असलेल्या मुलीचं नाव लग्नात बदलू नका, असं माझं सरळ मत आहे. बदललं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून सगळे कागद एका नावावर आणा. हे काम मुलगी विमानात बसण्याआधीचं आहे.

कागद तयार झाला तरी तो परदेशात तसाच चालत नाही. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात, म्हणजे एकमेकांच्या कागदांवरचा शिक्का मानणाऱ्या देशांच्या करारात आहे. आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, आणि मग तो ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, ओमान अशा सदस्य देशांत चालतो. संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार या करारात नाहीत, म्हणून तिथं त्या त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का लागतो. जर्मनीची गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा. भारताच्या सदस्यत्वाला जर्मनीने हरकत घेतलेली आहे, त्यामुळे आपल्या कागदावरचं अपोस्टिल तिथं चालत नाही. जर्मन वकिलातीमार्फत कागदाची पडताळणी होते, कधी चौकशी गावापर्यंत येते, आणि त्यात महिने जातात. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी १०,००० कुशल तरुण पाठवण्याचा करार केला. आपल्या भागातल्या कुणी त्यासाठी जर्मन भाषेच्या वर्गाला नाव घातलं असेल, तर त्याच्या घरच्यांनी जन्मदाखला आणि लग्नाची नोंद आत्ताच तपासून ठेवावी.

लग्न केलं नसेल तर

आपल्या कानांना हे जड वाटेल, पण लिहिणं गरजेचं आहे. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात लग्नाशिवाय साधारण १२ महिने एकत्र राहिलेल्या जोडीला कायदा जोडीदार मानतो. ब्रिटनमध्ये लग्नासारखं नातं किमान दोन वर्षं असल्याचं दाखवावं लागतं. पण हे दाखवायचं पुराव्याने. दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकत्र बँक खातं, वीज-पाण्याची बिलं, एकाच पत्त्यावर दोघांना आलेली पत्रं, प्रवासाची तिकिटं, एकमेकांच्या घरच्यांसोबतचे फोटो. हे सगळं व्हिसा संपायच्या आठवड्यात गोळा होत नाही. ज्या दिवशी एका छताखाली राहायला सुरुवात केली, त्याच दिवसापासून ते जपून ठेवा.

इथं एक अडचण खास आपली आहे. घरी कळू नये म्हणून मुलं कागदावर वेगवेगळे पत्ते ठेवतात. फोटो काढत नाहीत, काढले तर पुसून टाकतात. जे घरच्यांपासून लपवलं, ते सरकारला दाखवता येत नाही. मुलाने गावी "मित्रासोबत राहतो" म्हणून सांगितलेलं असतं आणि तिथल्या अर्जात "जोडीदारासोबत" लिहिलेलं असतं. अधिकाऱ्याने खातरजमेसाठी घरी फोन केला, तर आईच्या एका उत्तराने अर्ज संशयात पडू शकतो.

ज्यांचा जोडीदार स्वतःच्याच लिंगाचा आहे त्यांच्यासाठीही हे लागू आहे. आपल्या देशात २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा नात्याचा गुन्हा पुसून टाकला, पण २०२३ च्या ऑक्टोबरमधल्या निकालानंतरही अशा लग्नाला इथं मान्यता नाही. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनीत ती आहे, आणि व्हिसाच्या नियमात या जोडप्यांना वेगळी वागणूक नाही. म्हणजे ज्याला घरी परतून लग्न करून कागद आणता येणार नाही, त्याने तिथलाच मार्ग मुदतीत धरायला हवा. त्याच्या घरच्यांना मी हात जोडून सांगतो, त्याला तोडू नका.

आईवडिलांनो, तुमच्याशी थोडं

मूल तारीख चुकवतं तेव्हा पुष्कळदा नियम माहीत नसतो असं नाही. घरी सांगायची भीती असते. जात वेगळी, धर्म वेगळा, भाषा वेगळी, मुलगी आधी घटस्फोटित, मुलगा वयाने लहान. "भावकीत तोंड कसं दाखवायचं" या एका वाक्यापायी लग्न वर्ष-वर्ष लांबतं. त्या वर्षात व्हिसा संपतो. मग मुलगा फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणतो, आणि तिकडे पोलिसांची गाडी दिसली की गल्ली बदलतो. रोखीने काम करतो, आजारी पडला तर दवाखान्यात जायला घाबरतो, मालकाने पगार बुडवला तरी तक्रार करत नाही. गावची इज्जत राखण्यासाठी त्याने काय किंमत दिली, ते आपल्याला कधी कळतही नाही.

तुमची संमती नसेल तर तुम्ही ती देऊ नका, तो तुमचा हक्क आहे. पण नातं कागदावर यायच्या आड येऊ नका. जन्मदाखला लागला तर काढून द्या. शाळा सोडल्याचा दाखला लागला तर शाळेत जा. वडिलांची सही लागली तर रुसून बसू नका. फोनवर एकदा एवढंच विचारा: "बाळा, तुझ्या व्हिसाची तारीख काय, आणि पुढचं काय ठरवलंस?" हा प्रश्न आईने किंवा वडिलांनी विचारला की मुलं मोकळी होतात. मग आधी ऐकून घ्या. रागवायचं असेल तर नंतर रागवा.

मुलींच्या आईवडिलांनी आणखी एक बघायला हवं. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या मुलीचं राहणं त्याच्या कागदाला बांधलेलं असतं. तिचा पासपोर्ट तिच्याच ताब्यात असावा. व्हिसाच्या, लग्नाच्या, बँकेच्या कागदांच्या प्रती तिच्याकडे आणि तुमच्याकडेही असाव्यात. मारहाण होत असेल आणि "तक्रार केलीस तर व्हिसा रद्द करीन" अशी धमकी मिळत असेल, तर तिने घाबरू नये. अमेरिकेत जोडीदार नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर पीडित बायकोला स्वतःच्या नावाने अर्ज करण्याची तरतूद १९९४ पासून आहे. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडातही घरातल्या हिंसेला बळी पडलेल्यांसाठी वेगळ्या वाटा आहेत. इकडे राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीयांच्या लग्नांसाठीचा कक्ष तक्रार घेतो. छळ सहन करून राहण्याची अट कुठल्याही व्हिसावर लिहिलेली नसते.

परदेशात नातवंड झालं असेल तर त्याच्या जन्माची नोंद भारतीय वकिलातीत एक वर्षाच्या आत करा. २००४ च्या डिसेंबरनंतर परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय नागरिकत्व मिळण्यासाठी ही नोंद लागते. आईवडिलांचा व्हिसा संपलेला आहे म्हणून लपून राहू नका. ती भारताची वकिलात आहे, त्या देशाचं पोलीस ठाणं नाही.

तारीख उलटून गेली असेल तर

काहींच्या बाबतीत हे वाचेपर्यंत उशीर झालेला असेल. त्यांनी हातपाय गाळू नयेत, पण अजून दिवसही घालवू नयेत. जितके दिवस वाढतील तितकी वाट अरुंद होते. ब्रिटनमध्ये मुदत संपल्यावर १४ दिवसांच्या आत, योग्य कारणासह केलेला अर्ज विचारात घेतात. ३० दिवसांच्या आत स्वखर्चाने देश सोडला तर परत येण्यावर बंदी लागत नाही, त्यानंतर किमान वर्षाची बंदी लागते. ऑस्ट्रेलियात मुदत उलटून २८ दिवसांहून जास्त राहून निघालात तर सहसा तीन वर्षं तात्पुरता व्हिसा मिळत नाही. संयुक्त अरब अमिरातीत दिवसाला ५० दिरहॅम दंड चढत जातो. त्या देशाने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ असे चार महिने माफी जाहीर केली होती. दंड माफ, परतीवर बंदी नाही, राहायचं असेल तर कागद सुधारून घ्या, अशी ती संधी होती. अशी माफी पुन्हा निघेल म्हणून वाट बघत बसू नका, पण निघाली तर पहिल्या आठवड्यात जा.

भारतीय नागरिकाचा व्हिसा संपला तरी त्याचं नागरिकत्व संपत नाही. पासपोर्ट हरवला, मालकाने ठेवून घेतला किंवा मुदत संपली, तरी वकिलात घरी परतण्यासाठी आणीबाणीचं प्रमाणपत्र देते. अडचणीत सापडलेल्यांसाठी वकिलातींकडे भारतीय समुदाय कल्याण निधी २००९ पासून आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर गावातून आईवडीलसुद्धा तक्रार नोंदवू शकतात. मराठी किंवा हिंदी येत असेल आणि इंग्रजी अडत असेल तर गावातल्या कुणा शिकलेल्या पोराला शेजारी बसवा, पण तक्रार लेखी करा.

आणि एजंटांपासून सावध राहा. "कागदावर लग्न लावून देतो, वर्षभराने मोडू" असं सांगणारे फिरतात. पंजाबात इंग्रजीच्या परीक्षेत चांगले गुण मिळवणाऱ्या मुलीशी पैसे देऊन लग्न लावायचा धंदाच उभा राहिला आणि कितीतरी घरं त्यात बुडाली. अमेरिकेत खोट्या लग्नाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे, आणि तो डाग लागल्यावर पुढचं खरं लग्नही उपयोगी पडत नाही. एजंटला देण्यासाठी जमीन गहाण टाकण्याआधी त्याची परवाना नोंद परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंद नसेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

परत येणं हाही एक मार्ग आहे

सगळं करूनही कधी अर्ज मंजूर होत नाही. उत्पन्न कमी पडतं, पुरावा अपुरा ठरतो, नियम बदलतो. तेव्हा चोरून राहण्यापेक्षा मुदतीत निघून येणं केव्हाही शहाणपणाचं. मुदतीत निघालेल्या माणसाला इथून पुन्हा जोडीदार व्हिसाचा अर्ज करता येतो, स्वच्छ नोंद ठेवून. किंवा जोडीदारानेच इकडे यायचं. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या परदेशी व्यक्तीला लग्नाची नोंद होऊन दोन वर्षं झाली की ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डासाठी अर्ज करता येतो, आणि तोवर जोडीदार म्हणून येण्याचा व्हिसा मिळतो. इथंही तोच नियम आहे: नोंद हवी आणि मुदत पाळायला हवी.

परत आलेल्या मुलाला गावाने "काय रे, जमलं नाही वाटतं" असं विचारू नये, ही माझी नेसरीकरांना कळकळीची विनंती आहे. या एका वाक्याच्या धास्तीने किती जण तिकडे लपून राहत असतील. तो कायदा पाळून, मान ताठ ठेवून आला आहे. त्याच्या सोबत आलेल्या सुनेला किंवा जावयाला गावाने घरात घ्यावं, तिचं-त्याचं नाव नीट शिकून घ्यावं.

तर आता एवढं करा. तुमच्या घरातलं कुणी परदेशात असेल तर या रविवारी फोनवर त्याच्या परवान्याची नेमकी तारीख विचारा आणि लिहून ठेवा. तारखेला सहा महिन्यांपेक्षा कमी राहिले असतील तर पुढचा अर्ज कुठला, कधी करणार, कुठले कागद कमी आहेत, याची यादी त्याच्याकडून घ्या. इथून जे कागद लागतील ते सोमवारी ग्रामपंचायतीत, शाळेत, गडहिंग्लजला किंवा कोल्हापूरच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन कामाला लावा. जोडीदाराबद्दल त्याने किंवा तिने अजून काही सांगितलं नसेल, तर तुम्हीच विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी पहिला शब्द रागाचा काढू नका. पोरांनो, तुम्ही वाचत असाल तर वाट बघू नका. आईवडिलांना सांगा, नातं नोंदवा, अर्ज करा, तारीख उलटण्याआधी.